गच्चीवरील वीज : एक अनुभव व कांहीं हिशेब

उन्हास कामाला लावण्याची विद्या आमच्या वाचकभगिनींस नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. फाल्गुन सरत आला कीं गच्चीवर जुनीं लुगडीं अंथरून त्यांवर पापड, कुरडया, सांडगे मांडावयाचे, वर्षाच्या धान्यास ऊन द्यावयाचें, गाद्या-उशा उलटसुलट करून तापवावयाच्या, हीं कामें घरोघर पिढ्यानुपिढ्या चालत आलीं आहेत. रथसप्तमीस अंगणांत गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध उतूं जाऊं देणारीं आपलीं घरें सूर्याचें ऋण विसरलेलीं नाहींत. मात्र याच गच्चीवर अलीकडे एक नवें वाळवण दिसूं लागलें आहे. निळसर काळ्या रंगाचे, दाराच्या फळीहून मोठे असे कांचेचे फलक लोखंडी सांगाड्यावर दक्षिणेकडे तोंड करून मांडलेले असतात. त्यांवर वाळत कांहींच नाहीं. त्यांतून वीज निघते.

सांगलीस आमच्या राहत्या घराच्या गच्चीवर असे चार फलक बसविल्यास आतां दोन वर्षें होत आलीं. तेव्हांपासून आप्तेष्ट व शेजारी यांचा एकच प्रश्न असतो : "काय, परवडतें का?" विकावयास येणाऱ्या मंडळींजवळ या प्रश्नाचें उत्तर तयारच असतें. बिल शून्यावर येईल, वीज फुकट मिळेल आणि लाइट गेली तरी तुमच्या घरीं उजेड राहील, अशीं तीन आश्वासनें ते एका दमांत देतात. यांपैकीं पहिलें बहुतेक खरें आहे, दुसरें अर्धें खरें आहे, व तिसरें सामान्यतः मुळींच खरें नाहीं. हें तिसरें आश्वासन आम्हीं तपासून न पाहतां खरें मानलें, आणि त्यामुळें एका दुपारीं आमच्या घरावर जो प्रसंग आला तो प्रथम सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. वाचकांपैकीं कोणावर तो येऊं नये, हाच या लेखाचा हेतु आहे.

आमच्या मातोश्रींचें वय ब्यायशी वर्षांचें आहे. फुप्फुसांच्या जुनाट विकारामुळें त्यांस दिवसाचे बारा-तेरा तास प्राणवायूच्या यंत्राची नळी नाकाशीं लावावी लागते. हें यंत्र हवेंतील नत्रवायु शोषून घेतें व उरलेला प्राणवायु रोग्यास पुरवितें. तें लहानशा पेटीएवढें असून सुमारें ३०० वॅट वीज खातें, आणि वीज गेली कीं त्याच क्षणीं थांबतें. फलक बसवावयाचे ठरलें तेव्हां बिलाच्या विचारापेक्षां हा विचार आमच्या मनांत मोठा होता. काम करणाऱ्या गृहस्थांस आम्हीं तसें स्पष्ट सांगितलेंही होतें. ते हसून म्हणाले, "आतां लाइट गेली तर तुम्हांला काय त्याचें? तुमची वीज तुमच्या डोक्यावर आहे!" त्या वाक्यावर आम्ही निर्धास्त झालों. दोष त्यांचा होता तसा आमचाही होता. कारण हजारों रुपयांची वस्तु घेतांना जितके प्रश्न विचारावयास हवे होते तितके आम्हीं विचारले नाहींत.

गेल्या वर्षीं वैशाखांत एका दुपारीं वळवाची जोराची सर येऊन गेली. वाऱ्यानें गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या झाडाची फांदी तारांवर पडली व वीज गेली. तोंपर्यंत पाऊस थांबून पुन्हां लख्ख ऊन पडलें होतें. आपल्याकडे आतां दिवे लागतील अशा समजुतीनें आम्ही बसून राहिलों, तों मातोश्रींच्या खोलींतून यंत्राची लांबलचक शिटी ऐकूं आली व ती पाठोपाठ बंदही पडली. धांवत गच्चीवर जाऊन पाहतों तों फलक पावसानें धुऊन स्वच्छ झालेले, त्यांवर डोळे दिपविणारें ऊन; आणि खालीं जिन्यांतील पेटीवर मात्र तांबडा दिवा! घरांत पंखा नाहीं, यंत्र नाहीं, कांहीं नाहीं.

प्राणवायूचा एक सिलिंडर अडचणीसाठीं म्हणून खाटेखालीं ठेविलेला होता. त्याची तोटी उघडण्याचा पाना मात्र जागेवर नव्हता. कोनाडे, कपाटें, स्वयंपाकघरांतील खण, सर्व धुंडाळून झालें. शेवटीं तो चिरंजीवांच्या सायकलीच्या पिशवींत सांपडला. सहा महिन्यांपूर्वीं त्यानेंच तो कांहीं खटपटीसाठीं नेला होता. या शोधांत सात-आठ मिनिटें गेलीं असतील. मातोश्रींचे ओठ निळसर दिसूं लागले होते, तरी त्या हातानेंच "सावकाश, सावकाश" असें आम्हांला खुणावीत होत्या. नळी पुन्हां नाकाशीं लागली तेव्हां आमच्या सौ.चे हात इतके थरथरत होते कीं त्यांस भिंतीशीं टेकून खालीं बसावें लागलें.

मातोश्रींस बरें वाटूं लागल्यावर आम्ही रागानें गल्लीच्या तोंडाशीं गेलों. तेथें एक वायरमन कमरेस पट्टा बांधून खांबावर चढला होता आणि दुसरा खालीं उभा होता. छपरावर वीज तयार होत असतां घर अंधारांत कां, असें आम्हीं त्या खालच्या मनुष्यास काहींशा चढ्या आवाजांत विचारलें. तो शांतपणें म्हणाला, "साहेब, तुमच्या गच्चीवरची वीज आत्ता या तारेत आली असती, तर वर चढलेला पोरगा खाली जिवंत उतरला नसता."

आमचा राग तेथेंच ओसरला. ज्या गोष्टीस आम्ही यंत्राची लबाडी समजत होतों ती वस्तुतः त्यांतील सर्वांत शहाणपणाची व्यवस्था होती. गच्चीवरील फलक ज्या इन्व्हर्टरास जोडलेले असतात तो बाहेरच्या तारेंतील विजेच्या तालावर आपला ताल धरून चालतो. बाहेरची वीज गेली कीं तो एकदोन सेकंदांत आपलें काम थांबवितो. तसें न केल्यास आपल्या घरची वीज उलट बाहेरच्या तारेंत जाईल, आणि तार मेलेली आहे अशा समजुतीनें तिला हात लावणारा मनुष्य प्राणास मुकेल. ही व्यवस्था कायद्यानें सक्तीची आहे व तशीच असली पाहिजे. आम्हांस फक्त एवढेंच हवें होतें कीं ती कोणी तरी आम्हांस आधीं सांगावी.

उष्णतेची नव्हे, उजेडाची वीज

ही वीज मुळांत होते कशी, हें थोडक्यांत सांगितल्यास पुढील हिशेब समजण्यास सोपा जाईल. सूर्याकडून काम करून घेण्याची कल्पना आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. मुंबईच्या उच्च न्यायालयांतील विल्यम ॲडम्स नांवाच्या एका अधिकाऱ्यानें १८७८ साली उष्ण देशांत इंधनाऐवजीं सूर्याची उष्णता कशी वापरतां येईल, यावर मुंबईंत एक पुस्तक प्रसिद्ध केलें. कुलाब्यास सपाट आरशांची मांडणी करून, त्यांचें ऊन एका बाष्पपात्रावर एकवटवून, त्यानें अडीच अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र चालवून दाखविलें होतें. परंतु ती उष्णतेची करामत होती. आजच्या फलकांतील वीज उष्णतेपासून होत नाहीं. ती उजेडापासून होते.

उजेडापासून वीज उत्पन्न होऊं शकते ही गोष्ट एदमों बेक्‌रेल या फ्रेंच तरुणाच्या ध्यानांत १८३९ साली आली. त्या वेळीं तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. प्रकाश धातूंतील विद्युत्कण कसा मोकळा करतो याची उपपत्ति १९०५ साली आइन्स्टाइन यांनीं मांडली व त्याबद्दलच त्यांस १९२१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९५४ साली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनीं सिलिकॉनचा उपयोगी पडेल असा पहिला विद्युत्घट तयार केला. त्यावर पडणाऱ्या उजेडाच्या शंभर भागांपैकीं सुमारें सहा भागांची वीज होत असे. आज बाजारांत मिळणाऱ्या चांगल्या फलकांत हें प्रमाण वीस-बावीस भागांपर्यंत गेलें आहे.

वाळूंतून काढून अत्यंत शुद्ध केलेल्या सिलिकॉनच्या पातळ चकतींत एका अंगास बोरॉनचा व दुसऱ्या अंगास फॉस्फरसचा अगदीं अल्प अंश मिसळलेला असतो. त्यामुळें चकतीच्या आंत एक प्रकारचा उतार तयार होतो. उजेडाच्या आघातानें मोकळे झालेले विद्युत्कण या उतारावरून एकाच दिशेस वाहूं लागतात, आणि तारेनें वाट करून दिली कीं तोच विजेचा प्रवाह होतो. हा प्रवाह एकदिश असतो. आपल्या घरांतील उपकरणांस लागणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहांत त्याचें रूपांतर करण्याचें काम वर सांगितलेला इन्व्हर्टर करतो.

यावरून एक लोकभ्रम दूर होण्यासारखा आहे. ऊन जितकें कडक तितकी वीज अधिक, असें पुष्कळांस वाटतें. उजेड अधिक म्हणजे वीज अधिक हें खरें. परंतु फलक तापला कीं त्याची शक्ति उणावते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागें सुमारें एकतृतीयांश टक्का एवढी ही घट असते. वैशाखांत दुपारीं फलक साठ अंशांवर सहज जातो, म्हणजे दहा-बारा टक्के वीज उष्णताच खाऊन टाकते. म्हणून फलक गच्चीस चिकटवून बसवूं नयेत. खालून वारा खेळेल इतकें अंतर राखावें. आमच्या वहींत सर्वांत चांगले दिवस मार्चमधील आहेत, मेमधील नाहींत.

आधीं गळती, मग विहीर

आतां हिशेबाकडे वळूं. फलक किती घ्यावे हा प्रश्न दुकानदारास विचारूं नये. मागील बारा महिन्यांच्या बिलांस विचारावा. आमच्या घरीं दरमहा सरासरी २९० युनिट लागत असत. हा आंकडा पाहून आम्ही मोठा संच घ्यावयास निघालों होतों; परंतु एका जाणत्या स्नेह्यांनीं आधीं घरांतील गळती बुजवा असा सल्ला दिला. घरांत पांच जुने पंखे होते व प्रत्येक ७५ वॅट खाई. नव्या पद्धतीचे पंखे तीस वॅटांच्या आसपास भागवितात. पांच पंखे दिवसास दहा तास चालतात असें धरलें तर एवढ्यानेंच रोज सव्वादोन युनिट वांचतात, म्हणजे महिन्यास सदुसष्ट. विहीर खणण्यापूर्वीं घागरीचें भोंक बुजवावें, हें आपल्या घरांतील वडील बायकांस सांगावें लागत नाहीं. विजेच्या बाबतींत मात्र त्याचा विसर पडतो. पंखे बदलतांच आमची गरज सव्वादोनशें युनिटांवर आली आणि दोन किलोवॅटचा संच पुरेल असें ठरलें.

एक किलोवॅटाच्या संचास सुमारें शंभर चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते. महाराष्ट्रांत त्यापासून वर्षाच्या सरासरीनें रोज चारच्या आसपास युनिट मिळतात. ही सरासरी आहे, हें विसरूं नये. आमच्या दोन किलोवॅटांनीं मार्च-एप्रिलांत रोज नऊ-साडेनऊ युनिट दिले, जुलै-ऑगस्टांत ते पांचांवर आले, आणि झड लागली असतां एखाद्या दिवशीं दोनच मिळाले. संबंध वर्षाची बेरीज २,७५० युनिटांच्या आसपास झाली व आमचा खप २,७०० होता.

दिवसां जास्त झालेली वीज जाते कोठें? ती दुतर्फा मोजणाऱ्या मीटरांतून बाहेरच्या तारेंत जाते व आपल्या खातीं जमा होते; रात्रीं आपण तारेंतून जी घेतों ती त्या जमेंतून वजा पडते. शेजारणीकडे दिवसां वाटीभर साखर द्यावी व रात्रीं परत आणावी, तसाच हा व्यवहार आहे. जमेचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस मिटविण्यांत येतो. त्याचे नियम वीज नियामक आयोग ठरवितो व ते बदलतात. म्हणून अर्ज करतेवेळीं चालू असलेले नियम स्वतः वाचावे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकूं नयेत. एक गोष्ट मात्र कोणत्याही नियमांत खरी राहील : जी वीज दिवसां तयार होते ती दिवसांच वापरली तर तिच्या हिशेबाचा वादच उरत नाहीं. आमच्या घरीं पाण्याचा पंप, कपडे धुण्याचें यंत्र, मिक्सर व इस्त्री हीं कामें आतां दहा ते तीनच्या दरम्यान होतात. प्रारंभीं सर्वांस हें जाचक वाटलें, पण वाळवणें घालणाऱ्या आमच्या मातोश्री म्हणाल्या, "उन्हाच्या वेळेला ऊन पाहून काम करायचं, यात नवीन ते काय?"

खर्च आम्हांस एकंदर १,४०,००० रुपये आला. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या सूर्यघर योजनेंत एक किलोवॅटास ३०,०००, दोन किलोवॅटांस ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॅटांस ७८,००० रुपये अनुदान ठरविलेलें आहे. तें फक्त देशांत तयार झालेल्या फलकांस मिळतें. तें वजा जातां आमच्या पदरचे ८०,००० रुपये गेले. आमच्या बिलांत युनिटमागें सरासरी आठ रुपये पडत, म्हणजे वर्षास सुमारें २१,६०० रुपये वांचतात, व पावणेचार वर्षांत भांडवल फिटतें. फलकांची हमी साधारणतः पंचवीस वर्षांची असते, व दरवर्षीं त्यांची शक्ति अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरते. इन्व्हर्टर मात्र इतकें आयुष्य काढीत नाहीं. मध्यंतरीं तो एकदां तरी बदलावा लागेल हें धरून चालावें. आणि बिल शून्यावर येत नाहीं. मीटरचा स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो. बिल बहुतेक संपतें, इतकेंच म्हणणें प्रामाणिकपणाचें होय.

आंब्याची सावली

दोन किलोवॅटांचें ठरलें त्यास आणखी एक कारण होतें. आमच्या घराच्या नैर्ऋत्येस मातोश्रींनीं पन्नास वर्षांपूर्वीं लाविलेला आंबा आहे. दुपारीं तीननंतर त्याची सावली गच्चीच्या एका कोपऱ्यावर येते. काम करणाऱ्या गृहस्थांनीं पहिल्याच दिवशीं झाडाच्या दोन मोठ्या फांद्या तोडाव्या अशी सूचना केली. सावलीसंबंधानें त्यांचें म्हणणें चुकीचें नव्हतें. फलकांतील घट माळेंतील मण्यांप्रमाणें एकापुढें एक ओंवलेले असतात. एका घटावर सावली पडली तरी सर्व माळेचा प्रवाह अडतो. त्यावर तोड म्हणून फलकांत प्रवाहास वळसा देणारे भाग बसविलेले असतात, तरीही कबुतराच्या विष्ठेचा एखादा डागदेखील नुकसान करतो, मग फांदीची सावली किती करील हें उघड आहे.

आमच्या सौ.नीं त्यावर एकच प्रश्न विचारला : खालच्या खोलींत दुपारीं जो गारवा राहतो तो कोणामुळें? फांद्या तोडून दोन फलक वाढवावयाचे, आणि मग तापलेल्या खोलीसाठीं थंड हवेचें यंत्र आणून ती वीज त्यांत घालावयाची, हा व्यापार त्यांस पसंत नव्हता. शेवटीं तो कोपरा सोडून दिला, सहांचे चार फलक केले व आंबा राहिला. दरवर्षीं वैशाखांत त्याच्या कैऱ्या उतरतात. त्यांची किंमत आम्हीं हिशेबांत धरलेली नाहीं.

न विझणारा दिवा कोणता?

वळवाच्या त्या दुपारनंतर आमच्यापुढें दोन मार्ग होते. मोठी बॅटरी व तिच्यासह चालणारा निराळा इन्व्हर्टर घेऊन सर्व घर बाहेरच्या तारेपासून स्वतंत्र करावें, हा एक. असे इन्व्हर्टर मिळतात. वीज गेली कीं ते आपलें घर तारेपासून तोडतात व मग निर्धास्तपणें घरांत वीज पुरवितात, त्यामुळें खांबावरील मनुष्यासही धोका राहत नाहीं. परंतु अनुदान फलकांच्या शक्तीवर मिळतें, बॅटरी घेतली म्हणून तें वाढत नाहीं. आणि बॅटरी फलकांइतकी टिकतही नाहीं. सर्व घराचा हिशेब केला तेव्हां फलकांस लागला त्याहून अधिक खर्च दिसूं लागला.

तेव्हां आम्हीं प्रश्नच निराळ्या रीतीनें मांडला. वीज गेली असतां घरांतील काय थांबलें तर चालेल व काय थांबतां कामा नये? दूरदर्शन थांबलें तर बिघडत नाहीं. फ्रिज दार न उघडल्यास तीन-चार तास थंड राहतो. धुण्याचें यंत्र उद्यां चालेल. एकच वस्तु अशी निघाली कीं ती क्षणभरही थांबतां कामा नये, आणि ती मातोश्रींच्या खोलींत होती. यंत्र ३०० वॅट, पंखा व दिवा मिळून फार तर पन्नास. यासाठीं १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची एक साधी बॅटरी व लहान इन्व्हर्टर पुरतो. बारास दीडशेंनें गुणलें असतां १,८०० वॅट-तास होतात. त्यांतील एकचतुर्थांश घट-तूट धरून सोडून दिले तरी १,३५० उरतात, म्हणजे साडेतीनशें वॅटांस पावणेचार तासांच्या आसपास. हा इन्व्हर्टर फक्त त्या एका खोलीच्या तारांस जोडला. त्याहून अधिक वेळ वीज गेल्यास सिलिंडर आहेच. त्याचा पाना आतां साखळीनें त्याच्याच गळ्यांत बांधलेला असतो, व दर एकादशीस तो जागेवर आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम चिरंजीवांकडे दिलें आहे. बॅटरीची कसोटीही आम्ही महिन्यांतून एकदां बटण मुद्दाम बंद करून घेतों. कागदावरील तास व प्रत्यक्षांतील तास यांत फरक पडतो, आणि तो संकटाच्या वेळीं कळणें बरें नाहीं.

ज्यांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं फलकांच्या आधीं हें करावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. फलक पैसे वांचवितात. श्वास वांचविण्याची हमी ते देत नाहींत.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी

फलकांचा सांगाडा गच्चीच्या काँक्रीटमध्यें पक्का रोंवलेला असावा. वाऱ्याच्या झोताखालीं फलक शिडासारखा उचलला जातो, व सैल बसविलेला फलक शेजाऱ्याच्या अंगणांत जाऊन पडण्याचा संभव असतो. भूमि-जोडणी व वीजरोधक हीं दोन्ही नीट झाल्याची लेखी खात्री घ्यावी. फलक धुवावयाचे ते सकाळीं लवकर अथवा सूर्यास्ताच्या सुमारास. तापलेल्या कांचेवर गार पाणी पडल्यास तिला तडा जाण्याची भीति असते. साबण, राख किंवा तारेचा घासणा वापरूं नये. साधें पाणी व मऊ फडकें पुरे होतें. आमच्याकडे पावसाळा सोडून दर पंधरवड्यास हें काम होतें.

सदनिकांत राहणाऱ्या वाचकांस हा सर्व प्रपंच आपल्यासाठीं नाहीं असें वाटेल, तसें नाहीं. वाड्यांच्या जागीं ज्या सहकारी गृहसंस्था झाल्या त्यांची गच्ची सर्वांची असते. जिन्यांतील दिवे, पाण्याचा पंप व उद्‌वाहन यांची वीज सर्वांच्या वर्गणींतून भरली जाते. वर सांगितलेल्या योजनेंत अशा सामायिक उपयोगाच्या संचास किलोवॅटामागें १८,००० रुपये अनुदान ठरविलेलें आहे. यास सभेचा ठराव मात्र हवा, आणि ठरावापूर्वीं वाळवणांची जागा कोठें राहील, वरच्या मजल्यावरील गळतीचें काय, फलक कोण धुणार, या प्रश्नांचा निकाल लागलेला असावा. याच तीन प्रश्नांवर मोडलेल्या सभा आम्हीं पाहिल्या आहेत. सातारा जिल्ह्यांतील मान्याचीवाडी या लहानशा गांवानें एकविचारानें काम करून २०२४ साली राज्यांतील पहिलें सौरग्राम होण्याचा मान मिळविला. जें एका वाडीस साधलें तें वीस सुशिक्षित बिऱ्हाडांस साधूं नये, असें कांहीं नाहीं.

आमच्या घरीं आतां एक नवी चाल पडली आहे. दिवेलागणीच्या सुमारास चिरंजीव मोबाइलवर दिवसाचा आंकडा पाहून वहींत लिहितो आणि खोलींतून मातोश्री विचारतात, "आज सूर्यनारायणांनी किती दिलं?" आंकडा चांगला असला तर त्या हात जोडतात; कमी असला तर म्हणतात, "असू दे, उद्या देतील."

स्वतःची वीज स्वतः करणें म्हणजे कोणावांचून अडत नाहीं अशी स्थिति प्राप्त होणें, असा आमचा प्रथम समज होता. आज तो राहिलेला नाहीं. आमच्या गच्चीवरील दुपारची वीज शेजारच्या घरांतील पंखा फिरविते, रात्रीं त्याच तारेंतून ती आमच्याकडे परत येते, आणि ती तार वर्षाऋतूंत भर पावसांत खांबावर चढणाऱ्या कोणा एका तरुणाच्या हातांवर टिकून असते. त्याच्या जिवासाठीं आमचे फलक दिवसाढवळ्या गप्प बसतात, हें योग्यच आहे. ज्यांस हे फलक बसवावयाचे असतील त्यांनीं ते अवश्य बसवावे. परंतु दुकानदारास बोलावण्यापूर्वीं एका रात्रीं घरांतील मुख्य बटण तासभर बंद करून सर्वांनीं मिळून बसावें, आणि या घरांतील कोणता दिवा विझतां कामा नये, हें आधीं ठरवावें. इतकी विनंती करून हा लेख पुरा करतों.